घरचा राउटर आणि शाळेचं आवक-जावक रजिस्टर

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तुझ्या कामातलं काहीतरी सांग, पण समजेल असं सांग." त्यातला 'पण' मला नीट ऐकू आला. म्हणून मी अशी वस्तू निवडली आहे, जी इथल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात आहे. टीव्हीच्या मागे किंवा दारावर खिळ्याला टांगलेली, हिरवे दिवे लुकलुकणारी ती पेटी. इंटरनेट बंद पडलं की आपण जिचं बटण बंद करून पुन्हा चालू करतो, ती. तिला राउटर म्हणतात. ती पेटी दिवसभर काय करते, आणि त्याचा आपल्या आयुष्याशी काय संबंध आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी एक मोजणी करू. इंटरनेटला जोडलेल्या किती वस्तू तुमच्या घरात आहेत? आमच्या घरी मी मागच्या आठवड्यात मोजल्या. चार फोन, दोन लॅपटॉप, एक टॅब, एक टीव्ही, दाराबाहेरचा कॅमेरा आणि प्रिंटर. दहा झाल्या. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. आणि इंटरनेट कंपनीने आमच्या घराला पत्ता दिला आहे एकच. आता बघा, सासूबाई टॅबवर कीर्तन ऐकताहेत. मुलगी आतल्या खोलीत लॅपटॉपवर त्याच संकेतस्थळावरून गणिताचा तास बघते आहे. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून, एकाच पत्त्यावर येताहेत. मग कीर्तन मुलीच्या लॅपटॉपवर का वाजत नाही, आणि सासूबाईंपुढे त्रिकोणमिती का येत नाही?

याचं उत्तर आपल्या शाळेच्या ऑफिसात आहे. भाऊसाहेबांच्या टेबलावर दोन जाडजूड रजिस्टरं असायची, लाल कापडी पाठीची. एक आवक, एक जावक. शाळेतून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्या जावक रजिस्टरमध्ये चढल्याशिवाय पाकिटात जात नसे.

समजा विज्ञानाच्या सरांनी बोर्डाला प्रात्यक्षिक परीक्षेबद्दल पत्र लिहिलं, आणि त्याच दिवशी मराठीच्या बाईंनीही बोर्डालाच फेरतपासणीबद्दल पत्र लिहिलं. दोन्ही पत्रं शाळेच्या लेटरहेडवर, शाळेच्या पत्त्यावरून, मुख्याध्यापकांच्या सहीने जाणार. सरांच्या घरचा पत्ता त्यावर नाही, बाईंचाही नाही. भाऊसाहेब फक्त एक गोष्ट करत. पहिल्या पत्रावर लिहीत, जावक क्रमांक १४२. दुसऱ्यावर, जावक क्रमांक १४३. आणि रजिस्टरमध्ये नोंद करत, की १४२ म्हणजे विज्ञानाचे सर, १४३ म्हणजे मराठीच्या बाई. पंधरा दिवसांनी बोर्डाकडून उत्तर येई. वर लिहिलेलं असे, "संदर्भ : आपले पत्र जा. क्र. १४३." भाऊसाहेब रजिस्टर उघडत, बोट फिरवत, आणि शिपाई पत्र घेऊन मराठीच्या बाईंच्या वर्गावर जाई. बोर्डाला बाईंचं नावसुद्धा माहीत असण्याची गरज नव्हती.

आपल्या घरची पेटी हेच करते. या कामाला नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्स्लेशन म्हणतात, आम्ही लोक थोडक्यात 'नॅट' म्हणतो. मराठीत पत्ताबदल म्हणू. फरक इतकाच, की भाऊसाहेब दिवसाला दहा-पंधरा पत्रं चढवत, आणि ही पेटी एका सेकंदात हजारो पाकिटं हाताळते. इंटरनेटवरची माहिती लहान लहान तुकडे करून पाठवतात, आणि त्या तुकड्यांना खरोखरच पॅकेट म्हणजे पाकीट असंच नाव आहे.

आता तेच आकड्यांत बघू. घरातल्या प्रत्येक वस्तूला राउटर स्वतःच एक आतला पत्ता देतो. टॅबला १९२.१६८.१.७ आणि लॅपटॉपला १९२.१६८.१.१२ दिला असं धरा. हे पत्ते फक्त घरापुरते. तुमच्या घरीही १९२.१६८.१.७ असेल, माझ्याही घरी असेल, आणि तरी गोंधळ होत नाही. आपल्या शाळेत आठवी 'अ' होती, स्टँडजवळच्या शाळेतही आठवी 'अ' होती. पोस्टमन 'आठवी अ' एवढ्यावर पत्र वाटत नाही, म्हणून दोन्हीकडे तेच नाव चालतं. बाहेरच्या जगासाठी घराचा पत्ता वेगळा असतो. २०३.०.११३.२५ धरू, ही संख्या पुस्तकात उदाहरणं देण्यासाठीच राखून ठेवलेली आहे.

पत्त्याबरोबर प्रत्येक पाकिटावर आणखी एक आकडा असतो, त्याला पोर्ट म्हणतात. तो ० ते ६५,५३५ यांच्या मधला असतो. टॅबकडून पाकीट निघालं, की राउटर त्यावरचा आतला पत्ता पुसून घराचा पत्ता लिहितो, आणि पोर्टच्या जागी स्वतःचा एक आकडा टाकतो, समजा ४०००१. लॅपटॉपच्या पाकिटावर ४०००२ टाकतो. हे झाले जावक क्रमांक. दोन्ही नोंदी तो आपल्या स्मरणात ठेवतो. उत्तर येताना ४०००१ वर आलं, की टॅब. ४०००२ वर आलं, की लॅपटॉप. कीर्तन कीर्तनाच्या जागी, त्रिकोणमिती त्रिकोणमितीच्या जागी.

गणिताच्या सरांसाठी एक गंमत सांगते. प्रत्येक पाकिटावर ताळ्याची एक बेरीज लिहिलेली असते, वाटेत काही बिघडलं का हे तपासायला. पत्ता त्या बेरजेत धरलेला असतो. त्यामुळे राउटरने पत्ता बदलला, की बेरीज चुकते, आणि समोरचं यंत्र पाकीट फेकून देईल. म्हणून राउटर दरवेळी ताळाही नव्याने करून लिहितो. पायऱ्या न गाळता.

आता तुम्ही विचाराल, की एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक वस्तूला वेगळा पत्ता का दिला नाही?

कारण पत्ते पुरले नाहीत. आज चालणारी पत्त्यांची पद्धत १९८१ साली ठरली. पत्ता ३२ घरांचा, प्रत्येक घरात शून्य किंवा एक. गणित केलं, तर पत्ते होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. तेव्हा जगाची लोकसंख्या साधारण साडेचारशे कोटी होती आणि या जाळ्याला जोडलेले संगणक होते काही शे. ठरवणाऱ्यांना हे पत्ते भरपूर वाटले, यात नवल नाही. वाटपही सढळ हातानं झालं. अमेरिकेतल्या एमआयटी या एका विद्यापीठाला मिळालेले पत्ते होते १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. आपल्याकडे विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ला. तोवर पुढच्या पंगतीत बरंच वाढून झालं होतं.

पत्ते संपणार हे नव्वदच्या सुरुवातीलाच दिसायला लागलं. मे १९९४मध्ये, म्हणजे आपण आठवीचा निकाल घेऊन सुट्टीत आंबे खात होतो तेव्हा, केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस या दोघांनी पत्ताबदलाची रीत सांगणारा एक मसुदा प्रसिद्ध केला. हा थोड्या काळापुरता उपाय आहे, असं त्यांनी त्यातच म्हटलं होतं. पुढे पत्त्याबरोबर पोर्टही बदलायची रीत रूढ झाली, आणि एका पत्त्यावर सगळं घर मावायला लागलं. फेब्रुवारी १९९६मध्ये, आपण दहावीच्या सराव परीक्षांत बुडालो होतो तेव्हा, घरगुती वापरासाठी कुणीही घ्यावेत असे तीन आकड्यांचे गट कायमचे राखून ठेवले गेले. १०ने सुरू होणारे, १७२.१६पासून १७२.३१पर्यंतचे आणि १९२.१६८ने सुरू होणारे. आजही तुमच्या फोनच्या वायफायच्या सेटिंगमध्ये यांतलाच एखादा दिसेल.

थोड्या काळाचा उपाय तीस वर्षं टिकला. तात्पुरती शेड म्हणून घातलेले सायकल स्टँडचे पत्रे आज सकाळीही मला तसेच दिसले, त्यामुळे तुम्हाला हे सांगताना मला फार संकोच वाटत नाही. मात्र या सोयीची किंमत आपण सगळे रोज मोजतो आहोत, आणि तिची बहुतेकांना कल्पना नसते. माझ्या भाषणाचा खरा मुद्दा हाच आहे. सगळं त्या रजिस्टरवर अवलंबून आहे. रजिस्टरमध्ये नोंद असेल, तरच पत्र पोचतं. यातून काही चांगलं झालं, काही अडचणीचं झालं, आणि एक गोष्ट अशी झाली की जी एखाद्याच्या आयुष्यावर बेतू शकते.

आधी चांगलं सांगते. घरातल्या कुणी न विचारता बाहेरून एखादं पाकीट आलं, तर राउटरकडे त्याची नोंदच नसते. भाऊसाहेबांनी असं पत्र टेबलावर ठेवलं असतं, वर 'कोणाचे?' अशी चिठ्ठी लावली असती. राउटर ते टाकून देतो. ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर नावाचा एक संगणकी किडा जगभर पसरला होता. कुणी काही उघडायची, कशावर दाबायचीही गरज नव्हती. विंडोजचा संगणक नुसता इंटरनेटला जोडलेला असला, की तो किडा बाहेरून येऊन दार वाजवायचा आणि आत शिरायचा. ज्यांचा संगणक मोडेमने थेट जोडलेला होता, त्यांना त्याचा फटका बसला. राउटरच्या मागे असलेले घरगुती संगणक बहुधा वाचले, कारण त्या ठोठावण्याची जावक नोंद कुठेच नव्हती. पत्ते वाचवण्यासाठी केलेल्या सोयीनं घराला आपसूक एक दार मिळालं, आतून उघडणारं.

पण या दारावर फार विसंबू नका. घरातल्या माणसानं खोट्या दुव्यावर दाबलं, तर ती जावक नोंदच झाली. राउटर उत्तर मुकाट्यानं आत आणून देतो. शिवाय आपणच दाराला भोक पाडतो. कॅमेरा बसवणारा मुलगा सांगतो, "मॅडम, बाहेरून बघायचं असेल तर पोर्ट ओपन करावा लागेल." म्हणजे रजिस्टरमध्ये एक कायमची नोंद, की या क्रमांकावर कुणीही काहीही पाठवलं, तरी ते थेट कॅमेऱ्याकडे द्यायचं. २०१६मध्ये मिराई नावाच्या प्रकारात हेच झालं. बाहेरून पोचता येतील असे कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर शोधून काढले गेले. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललेला नव्हता. अशी लाखो यंत्रं ताब्यात घेऊन त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांनी एका कंपनीवर असा मारा केला, की अमेरिकेत कितीतरी मोठी संकेतस्थळं काही तास उघडेनात. ज्यांच्या घरातले कॅमेरे या कामाला जुंपले गेले होते, त्यांना पत्ताही नव्हता.

आता अडचणीचं. मुळात इंटरनेटची कल्पना अशी होती, की जाळ्यातलं कुठलंही यंत्र दुसऱ्या कुठल्याही यंत्राला थेट हाक मारू शकेल. पत्ताबदलानं हे मोडलं. आतल्याला बाहेर बोलता येतं, बाहेरच्याला आतल्याला हाक मारता येत नाही. आपल्या लहानपणचे पीपी नंबर आठवा. शाळेच्या दाखल्यावर आपल्यापैकी निम्म्यांचा फोन नंबर शेजारच्या काकूंचा होता. तिथे निदान 'जरा खालच्या मजल्यावरच्या अमक्याला बोलावता का?' असं सांगता यायचं. राउटरला तेवढंही सांगायची सोय नाही.

मग तुमच्या फोनवर न मागता निरोप येतो कसा? युक्ती अशी, की फोनने आधीच मागून ठेवलेलं असतं. फोन सुरू झाला, की तो स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरकडे एक जोडणी करतो आणि ती धरून ठेवतो. राउटर काही काळ हालचाल दिसली नाही, की नोंद खोडतो. काही प्रकारच्या जोडण्यांना निदान दोन मिनिटं तरी नोंद ठेवावी, असा संकेत आहे. म्हणून फोन अधूनमधून एक बारीकसं पाकीट पाठवत राहतो, "मी आहे हं अजून," एवढंच सांगणारं. हजेरी लावल्यासारखं. तुम्ही झोपलेले असता, तेव्हाही.

व्हिडिओ कॉलला तर याहून कसरत. आपल्यापैकी पाच-सहा जणांची मुलं परदेशात आहेत. मुलगी न्यू जर्सीत एका राउटरच्या मागे, आई इथे दुसऱ्या राउटरच्या मागे. दोघींना एकमेकींना हाक मारता येत नाही. तेव्हा दोघींचे फोन आधी बाहेरच्या एका सर्व्हरला विचारतात, "मी तुला कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या क्रमांकावर दिसते आहे?" ते उत्तर एकमेकींना कळवतात, आणि मग दोन्ही फोन एकाच वेळी एकमेकांच्या दिशेनं पाकिटं सोडतात. आईच्या राउटरला वाटतं, आईनं पत्र पाठवलंय, उत्तर येऊ द्या. मुलीच्या राउटरलाही तसंच वाटतं. दोन्ही दारं आतून एकाच क्षणी उघडली, की बोलणं सुरू. हे जमलं नाही, तर मधला सर्व्हर दोघींचं बोलणं इकडून तिकडे पोचवत बसतो. फोनवर 'कनेक्टिंग' असं फिरत असतं ना, तेव्हा थोडाफार वेळ या खटपटीत जात असतो.

आता तिसरी गोष्ट, आणि ही जरा शांतपणे ऐका.

३ फेब्रुवारी २०११ला जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले उरलेसुरले पत्ते वाटून संपले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाचा साठाही शेवटच्या गटावर आला. तेव्हापासून नव्या पत्त्यांची रोज रेशनिंग. मग इंटरनेट कंपन्यांनी काय केलं? घरात जे चाललं होतं, तेच मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. तुमच्या राउटरला मिळणारा पत्ताही आता बऱ्याचदा खरा नसतो, तो कंपनीचा आतला पत्ता असतो. राउटरच्या पानावर १००.६४पासून १००.१२७पर्यंतचा आकडा दिसला, तर समजा, तुम्ही अशाच व्यवस्थेत आहात. शाळेच्या पत्राला शाळेचा जावक क्रमांक, मग ते जिल्हा परिषदेत गेलं, तिथे त्यांचा जावक क्रमांक, आणि मंत्रालयाला पोचलं ते जिल्हा परिषदेचं पत्र म्हणून. एका पत्त्यामागे एक घर होतं, तिथे आता शेकडो घरं असू शकतात.

आणि तरी जग अजून पत्त्यालाच माणूस समजतं.

माझ्या कामात मला हे वारंवार दिसतं. प्रवेशाचे अर्ज घेणारं संकेतस्थळ बांधताना कुणीतरी हमखास सुचवतं, "एका पत्त्यावरून पाचपेक्षा जास्त वेळा प्रयत्न झाले, तर तो पत्ता बंद करून टाकू." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मी अशा वेळी एकच चित्र समोर ठेवते. तालुक्याच्या कॉलेजातली संगणकाची खोली, अर्जाचा शेवटचा दिवस, बाहेर रांग, आणि चाळीस मुलं एकाच पत्त्यावरून अर्ज भरताहेत. शहरात स्वतःचं इंटरनेट असलेल्या मुलाला या नियमाचा त्रास होणार नाही. सहाव्या क्रमांकावर बसलेल्या त्या खेड्यातल्या मुलीला होईल. तिला कळणारही नाही, की तिच्या आधी बसलेल्या पाच जणांमुळे ती संशयित ठरली. "तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, दिव्यांची चित्रं ओळखा," असं संकेतस्थळ विनाकारण विचारतं, त्याचंही एक कारण हेच असतं. तुमच्याच पत्त्यामागचं कुणीतरी काहीतरी उद्योग करून गेलेलं असतं.

हे झालं गैरसोयीपुरतं. २००७ साली ऑर्कुटवरच्या एका आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. इंटरनेट कंपनीनं कळवलेल्या माहितीप्रमाणे मजकूर टाकणारा आयपी पत्ता त्याचा होता. पन्नास दिवस तो येरवड्याच्या तुरुंगात राहिला. मग उघड झालं, की कंपनीनं दिलेली माहितीच चुकीची होती. तिथे घरच्या राउटरचा दोष नव्हता. कुठल्या वेळी कुठला पत्ता कुणाकडे होता, या नोंदीत गफलत होती. पण विचार करा, तेव्हा एका वेळी एका पत्त्यामागे एकच ग्राहक असायचा, तरी ही गत. आज त्याच पत्त्यामागे एकाच क्षणी शेकडो लोक असतात. नेमका माणूस शोधायचा, तर नुसता पत्ता पुरत नाही. सेकंदापर्यंत अचूक वेळ लागते, आणि पोर्ट, म्हणजे तो जावक क्रमांक लागतो. संकेतस्थळांनी पत्त्याबरोबर पोर्टचीही नोंद ठेवावी, अशी शिफारस जून २०११मध्येच झालेली आहे. तरीही 'आयपी अ‍ॅड्रेस मिळाला' म्हटलं, की चोर सापडला असं अजून मानलं जातं.

आपल्या तुकडीत दोन वकील आहेत, एक जण पोलीस खात्यात आहे, तीन-चार जण शाळा-कॉलेजांत शिकवतात. त्यांना माझं मुद्दाम सांगणं आहे. कुणी कागदावर फक्त आयपी पत्ता लिहून आणून "हा याचा" असं म्हणालं, तर दोन प्रश्न विचारा. वेळ किती, कुठल्या देशाच्या घड्याळाप्रमाणे? आणि पोर्ट कुठला? 'शाळेच्या पत्त्यावरून पत्र आलं' म्हणून कुणी मराठीच्या बाईंना शिक्षा करणार नाही. आधी जावक रजिस्टर मागवेल.

यावर कायमचा उपाय आहे का? आहे, आणि तो बराच जुना आहे. आयपीची सहावी आवृत्ती डिसेंबर १९९५मध्येच मांडली गेली. तीत पत्ता १२८ घरांचा असतो. एकूण पत्ते किती, तर ३४वर ३७ शून्यं. घरातल्या प्रत्येक बल्बला वेगळा पत्ता दिला, तरी संपणार नाहीत. ६ जून २०१२पासून मोठ्या कंपन्यांनी ती कायमची सुरू केली. सांगायला आनंद वाटतो, की ती वापरण्यात भारत आज जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. पत्त्यांच्या पंगतीत आपण उशिरा बसलो, म्हणून मोबाईल कंपन्यांना नवी पद्धत घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. फोनच्या सेटिंगमध्ये विसर्गासारख्या दोन टिंबांनी तोडलेला, अक्षरं आणि आकडे मिसळलेला लांबलचक पत्ता दिसला, तर तो याच पद्धतीचा. मात्र जुनी आणि नवी पद्धत एकमेकींची भाषा बोलत नाहीत, आणि जगातली कितीतरी संकेतस्थळं अजून जुन्यावरच आहेत. त्यामुळे आपली पेटी आणखी बरीच वर्षं रजिस्टर लिहीत राहणार.

तोवर घरी गेल्यावर करायच्या चार गोष्टी सांगते. राउटरच्या पाठीवर चिकटवलेला पासवर्ड बदला. वायफायचा नाही म्हणत मी, तो तर बदलाच. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचाही बदला. कॅमेऱ्याचा कारखान्यातला पासवर्ड बदला. कुणी पोर्ट उघडून ठेवला असेल, तर त्याची गरज आहे का ते विचारा, नसेल तर बंद करायला लावा. आणि पाहुण्यांसाठी, भाडेकरूंसाठी वेगळं वायफाय चालू करा, बहुतेक राउटरमध्ये ती सोय असते. मात्र लक्षात ठेवा, त्यांनी तुमच्या इंटरनेटवरून काही केलं, तर बाहेर नाव घराचंच दिसतं. आई-वडील गावी एकटे असतील, तर हे काम तुम्ही स्वतः करून द्या. फोनवर सांगून होत नाही.

शेवटी शाळेसाठी एक सूचना. तुकडीच्या निधीतून संगणक कक्ष नव्याने उभा राहतो आहे, याचा सगळ्यांना आनंद आहे. तिथल्या पंचवीस संगणकांना मिळूनही बाहेरचा पत्ता एकच असणार आहे. आठवीच्या एका तासाला हे मुलांकडूनच करून घेता येईल. दहा मुलं संगणक, एक मूल राउटर, दोन मुलं बाहेरची संकेतस्थळं. कागदाची पाकिटं आणि ऑफिसातलं एक रिकामं जावक रजिस्टर. पत्ता खोडायचा, क्रमांक टाकायचा, नोंद करायची, उत्तर आलं की नोंद बघून द्यायचं. मग मधेच रजिस्टरमधलं एक पान फाडून टाकायचं आणि मुलांना विचारायचं, आता हे पत्र कुणाचं? पुढच्या जूनमध्ये शाळा सुरू झाली, की या तासासाठी मी रजा काढून येईन. तारीख बाईंनी कळवावी.